'अमॉक' धावतो, बदनाम भलताच होतो!

कुणी सुरा घेऊन भर बाजारात धावला, की इंग्रजी बातमीत तो 'अमॉक' होतो आणि मराठी मथळ्यात हमखास 'माथेफिरू'!

हा 'अमॉक' मुळात इंग्रजीचा नव्हेच. मलय भाषेतला हा 'अमुक' (आपल्या अमुक-तमुकशी त्याचे काही नाते नाही, हे आधीच सांगितलेले बरे!). त्याचा अर्थ, बेभान होऊन तुटून पडणे. तसे रणांगणावरचे योद्धेही तुटून पडत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि मलबारात, राजासाठी मरण्याची शपथ घेतलेल्या नायर वीरांनाही ते 'अमोको' म्हणू लागले. म्हणजे हे वेड नव्हे, व्रत! ते वेड ठरवले पुढे साहेबी अमलातल्या डॉक्टरांनी. आज तर इंग्रजीत वाढदिवसाला जमलेली पोरेसुद्धा 'अमॉक' धावतात.

मराठी याबाबतीत श्रीमंत आहे. बैल उधळतो, कुत्रा पिसाळतो, पोरे धुडगूस घालतात, वादळ थैमान घालते. 2020 च्या जूनमधले 'निसर्ग' दापोली-मंडणगडकडच्या माणसांना आठवत असेलच. शिमग्यात तर आपण हक्काने बोंब मारतो. इतके शब्द हाताशी असताना 'माथेफिरू'च का?

मलय 'अमुक'ची नोंद असलेला युल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश 1886 सालचा. त्याच साली रत्नागिरीत वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. मुंबईकडे ठाण्याचे, घाटावर येरवड्याचे, तसे कोकणात रत्नागिरीचे नाव थट्टेत घेतले जाते. आज तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय अशी पाटी आहे. कायद्यानेही भाषा बदलली. 1912 चा कायदा वेड्यांचा होता, 1987 चा मानसिक आरोग्याचा झाला आणि 2017 च्या कायद्याने रुग्णाला हक्क दिले. मथळा मात्र 1912 मध्येच अडकला आहे.

मनोरुग्णांपैकी बहुतेक जण कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत. पण 'माथेफिरूचा हल्ला' छापून आले, की ज्या घरात मुलगा निमूटपणे गोळ्या घेतो आहे, त्या घराकडे शेजारी वेगळ्या नजरेने पाहू लागतात. मुलीचे ठरत आलेले लग्न अडते. आई इस्पितळाचा कागद कपाटात तळाशी ठेवते.

हल्लेखोर आजारी होता की दारू प्यायलेला, की बांधाच्या भांडणाने पेटलेला, हे त्या दिवशी बातमीदाराला ठाऊक नसते. मग 'सुरा घेऊन धावलेला इसम' एवढेच छापावे. तेवढेच त्याने पाहिलेले असते.