‘बेस्ट मोड’ कोणता? चुकीचा प्रश्न!

‘नेटवर्क कार्डाचे ऑपरेटिंग मोड लिहा’ असा प्रश्न आला की आपली पेनं सुसाट सुटतात. पीआयओ, डीएमए, पोलिंग, इंटरप्ट. प्रत्येकाचे दोन फायदे, दोन तोटे आणि खाली एक आकृती. मार्क मिळतात. पण कुठला मोड केव्हा वापरायचा हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तेवढाच आहे. (कॉन्व्हेंटमधून आल्यामुळे माझं मराठी जरा इकडेतिकडे होतं, सांभाळून घ्या.)

शेअर्ड मेमरी कार्डाचंच उदाहरण घ्या. साध्या नेटवर्कमध्ये डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करावा लागतो. इथे मात्र दुसऱ्या मशीनच्या मेमरीचा एक तुकडा आपल्याच ॲड्रेसमध्ये दिसतो. इथे लिहिलं की तिथे उमटतं! १९९२ साली यासाठी एससीआय नावाचं स्टँडर्ड आलं आणि नॉर्वेच्या डॉल्फिन कंपनीने तशी कार्डं बनवली.

आता मोड. मी भडगावचा, म्हणून उदाहरणही तिकडचंच. कजगाव स्टेशनावर एखाद्याला जेवणाचा डबा पोचवायचा असेल तर आपण गाडीला किक मारतो आणि निघतो. पण वावरभर केळी पाठवायची असेल तर ट्रक सांगा, मजूर बघा, माल भरा. ही तयारी होईपर्यंत वेळ जातो, पण ट्रक निघाला की शेतकरी मोकळा. पहिला प्रकार पीआयओ : प्रोसेसर स्वतः लिहितो, चार शब्द लगेच पोचतात, पण तोवर तो अडकलेला. दुसरा डीएमए : आधी पत्ता आणि लांबी कार्डाला सांगायची, मग वाहतूक कार्डाची. डब्यासाठी ट्रक सांगणारा आणि वावरभर केळी मोटरसायकलवर नेणारा, दोघेही येडेच की!

माल आला हे कळण्याचंही तसंच. मेसच्या खिडकीशी ‘झाल्या का पोळ्या?’ करत उभं राहणं म्हणजे पोलिंग. रूमवर अभ्यास करत बसून बेल वाजल्यावर उठणं म्हणजे इंटरप्ट. पोळी दर मिनिटाला येत असेल तर खिडकी सोडू नये. तासाने येणार असेल तर उभं राहणं वेडेपणा. २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ मध्ये दोन्हींचा मेळ आहे : ट्रॅफिक कमी तर बेल, गर्दी झाली की बेल बंद करून स्वतःच बघायचं.

‘हाई परीक्षामा येस का, भो?’ असं कुणीतरी विचारणारच. येत नसेल, पण देशाच्या कामी आलेलं आहे. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या टीमने परम ८००० बनवला. त्यात मेमरी सामायिक नव्हती, प्रोसेसर एकमेकांना निरोप पाठवायचे. पण निरोप लवकर कसा पोचवायचा हा प्रश्न तोच. पुढे सी-डॅकने स्वतःचं परमनेट बनवलं. परम पद्ममध्ये त्याचा वेग सेकंदाला २.५ गिगाबिट होता, २००८ च्या परम युवामध्ये १० गिगाबिट. नुसते प्रोसेसर आणून सुपरकॉम्प्युटर होत नाही. त्यांना जोडणारं कार्डही कुणीतरी डोकं लावून बनवावं लागतं.

म्हणून सर आणि मॅडम, एक विनंती. महागडी कार्डं नकोत. लॅबमधले दोन जुने पीसी आणि लिनक्स पुरे. एका बाइटपासून एक मेगाबाइटपर्यंत निरोप पाठवायचे, जाऊन यायला लागणारा वेळ मोजायचा आणि ग्राफ काढायचा. कार्ड साथ देत असेल तर ईथटूलने इंटरप्टची वाट पाहण्याची वेळ बदलून पुन्हा मोजायचं. जर्नलमध्ये व्याख्येऐवजी एकच ओळ लिहायची : कोणत्या कामाला कोणतं सेटिंग, आणि का.

खेड्यातून आलेल्या मुलांना वाटतं, असलं काम पुण्या-बंगलोरच्या लोकांचं. आपण फक्त केबल लावायची. पण ट्रक कधी सांगायचा हे आपल्याला लहानपणापासून कळतं. तेच डोकं इथे लावायचंय.

पटलं तर दोन पीसी शोधून ठेवा. एलएएन केबल माझ्याकडे आहे!