मित्रमाशी आणि तिचे झाड

एका पिकावर उपकारक ठरलेला मित्रकीटक सर्व पिकांवर सारखाच उपयोगी पडेल, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो सोडून देणे अगत्याचे आहे. कॅनडातील अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे.

त्या देशाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात युरोपातून आलेल्या हिवाळी पतंगाच्या अळ्या ओक वृक्षांची व सफरचंदाची पालवी फस्त करीत. १९५४ पासून तेथे सायझेनिस नावाची युरोपीय परोपजीवी माशी सोडण्यात आली. ही माशी अळीच्या अंगावर अंडी घालीत नाही. अळ्यांनी कुरतडलेल्या पानांवर ती अतिसूक्ष्म अंडी घालते. पानाबरोबर अंडे अळीच्या पोटात जाते आणि अळी जमिनीत कोशावस्थेत गेली म्हणजे माशीची अळी तिला आतून खाऊन टाकते. सुमारे दहा वर्षांत ओकच्या रानातील उपद्रव ओसरला. सफरचंदाच्या बागांत मात्र तितके यश आले नाही.

याचे एक कारण पुढे ब्रिटिश कोलंबियातील संशोधनात उलगडले. ओकच्या पानांतील बोर्निऑल या सुगंधी द्रव्याकडे माशी ओढली जाते. सफरचंदावर अळ्या विपुल असल्या तरी तिला तसे आमंत्रण मिळत नाही. माशी प्रथम अळीचा नव्हे, तर पानाचा माग काढते.

आपल्याकडील घाटेअळीचीही गोष्ट अशीच आहे. पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या पाहणीत ज्वारीवरील अळ्यांत गांधीलमाशीच्या वर्गातील परोपजीवी कीटक प्रामुख्याने आढळले, तर तुरीवरील अळ्यांत परोपजीवी माश्या. अळी एकच, परंतु पीक बदलले की तिचा शत्रूही बदलतो.

म्हणून 'अमुक किडीस अमुक मित्रकीटक' एवढी शिफारस अपुरी होय. तीत पिकाचाही उल्लेख हवा. ग्रामसेवकांनी प्रत्येक पिकावरील वीस-पंचवीस अळ्या निरनिराळ्या डब्यांत ठेवाव्यात, कारण घाटेअळ्या एकमेकींस खातात. त्यांना त्याच पिकाचा कोवळा पाला व शेंगा द्याव्यात आणि पतंग निघतो की माशी, हे शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावे. शेजारच्या पिकावरील मित्रकीटकांच्या भरवशावर स्वस्थ बसणारा शेतकरी पीक गमावतो. न पाहताच औषध फवारणारा शेतकरी आपलेच रखवालदार मारतो. दोघांचेही नुकसान टाळण्यास स्वतःच्या शेतातील निरीक्षणासारखा दुसरा खात्रीचा उपाय नाही.