पहिल्या कादंबरीची उलटतपासणी

मराठी समीक्षेला पहिलटकर कादंबरीकाराचे रोजचे विचार नको असतात. तिला त्याची भूमिका हवी असते. कचेरीतल्या फोनवर आपण कोणत्या भाषेत बोलतो, ऐन दुःखात सिनेमाचेच गाणे का आठवते, जाहिरातीच्या वाक्यातून क्रियापद का गळते, असल्या गोष्टी लेखकाच्या डोक्यात दिवसभर चालू असतात. हा सगळा ऐवज साहित्यपूर्व मानून बाजूला सारला जातो, आणि अस्तित्ववादी, देशी, इंग्रजाळलेला अशा एखाद्या खणात लेखकाला ठेवून समीक्षक मोकळा होतो. पदव्युत्तर वर्गांत मग त्या खणांचीच घोकंपट्टी चालते.

‘कोसला’चे उदाहरण घ्यावे. १९६३ मध्ये ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकराच्या तोंडचे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ आज शैलीविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत येतात. परंतु ‘उदाहरणार्थ’ हा मुळात उत्तरपत्रिकेतला शब्द आहे. आधी नियम सांगावा, मग उदाहरण द्यावे, अशी ती शालेय शिस्त. पांडुरंगाजवळ नियम नाही, नुसती उदाहरणे आहेत. त्या एका शब्दातला विनोद आणि त्यातले दैन्य हे विद्यार्थी-जीवनातल्या दैनंदिन भाषिक निरीक्षणातून उपजलेले आहे, कोणत्याही वादातून नव्हे. तरीही १९९० मध्ये ‘टीकास्वयंवर’ आल्यावर देशीवादाचा कंदील घेऊन मागे जात ‘कोसला’ वाचण्याची रीत पडली. सत्तावीस वर्षांनंतरचा सिद्धान्त पंचविशीतल्या लेखकाच्या तोंडी घालणे हा कालविपर्यासच होय. मग तो सिद्धान्त त्याच लेखकाचा का असेना.

किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’ची (१९७४) गत याहून वाईट. या पहिल्या कादंबरीवरचा ठरलेला आक्षेप असा की तिची मराठी इंग्रजीतून उतरल्यासारखी वाटते. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. काही ठिकाणी वाचक अडखळतो, आणि हे अडखळणे लपवून नगरकरांचा बचाव करण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की अडखळतो कोण? कुशंक पुरंदरे ज्या मुंबईत वावरतो तिथे एकाच वाक्यात दोन भाषा नांदतात आणि दोन्हींत माणसाला पुरते घर नसते. त्याच्या तोंडी सदाशिव पेठेतले निर्दोष गद्य घातले असते तर तो कुशंक राहिला नसता. ज्या कादंबरीने शीर्षकातच पाढा चुकवला आहे, तिच्याकडे बेचाळीसचा हट्ट धरणाऱ्या समीक्षकाने निदान मुखपृष्ठ तरी नीट वाचायला हवे होते!

पुढे नगरकर इंग्रजीत लिहू लागले. मराठी समीक्षेच्या अनास्थेमुळेच ते गेले असे म्हणणे सोपे आहे, पण लेखकाच्या भाषांतराला एकच कारण क्वचितच असते. आक्षेपार्ह आहे ते त्यानंतरचे वाचन: ‘रावण अँड एडी’ आणि ‘ककोल्ड’ यांच्या उजेडात आरंभीच्या मराठी कादंबरीला कधी उमेदवारी ठरवायचे, कधी पलायनाची पूर्वसूचना. ‘ककोल्ड’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो इंग्रजीसाठी, एवढ्यावर हिशेब मिटला असे अनेकांना वाटले.

वास्तविक ‘रावण अँड एडी’ ही मराठी अभ्यासकांनी हक्काने वाचावी अशी कादंबरी आहे. माझगावच्या चाळीतला मराठी हिंदू मुलगा ‘दिल देके देखो’ने झपाटतो आणि वरच्या मजल्यावरचा गोवेकर ख्रिस्ती मुलगा ‘रॉक अराउंड द क्लॉक’ने. कथानक थांबवून नगरकर तिथे सिनेमावर बोलू लागतात. या विषयांतरांना पाल्हाळ म्हणणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या मुलांना प्रेम, पौरुष आणि चाळीबाहेरचे जग यांची पहिली भाषा शाळेने दिलेली नाही, ती पडद्याने दिली आहे. लोकप्रिय संस्कृती इथे सजावट नसून व्याकरण आहे.

याचा अर्थ ब्रँडची नावे आणि गाण्यांचे मुखडे पेरले की कादंबरी समकालीन होते असा नव्हे; तसली पेरणी अलीकडे उदंड झाली आहे. ‘कोसला’तला ‘उदाहरणार्थ’ काढला तर पांडुरंग कोसळतो. पेरलेली नावे मात्र खुशाल बदलावीत, पात्राच्या वाक्याला ओरखडाही पडत नाही. हा भेद संहितेतील वाक्य हाती घेऊनच दाखवावा लागतो. खणांच्या यादीतून तो दिसत नाही, आणि प्रबंधिकांच्या प्रस्तावनांत आजही यादीच आधी येते.