खरे शोधणारा समूह

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीच्या शोधप्रकल्पात परवा मला एक नवीच संस्था भेटली : ‘खरे शोधणारा समूह’. जोतीराव फुल्यांनी ती १८७३ साली पुण्यात काढली म्हणे. पुढच्या पानावर त्यांचा ‘कृषकाचा चाबूक’ही होता. सत्यशोधक समाज आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ ओळखायला मला चांगली दोन मिनिटं लागली.

बोलावून विचारलं, तर ती जराही गडबडली नाही. “सर, आहे तसं ठेवलं की पर्सेंटेज वाढतं. म्हणून शब्द बदलून घेतले.” इंटरनेटवर सोय असते, उतारा टाकला की तोच वेगळ्या शब्दांत बाहेर येतो. सोबत वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या यंत्राचा अहवाल होताच. साम्य ९ टक्के.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ४०पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६०पर्यंत गेलं तर वर्षभर थांबायचं, त्याच्याही वर नोंदणीच रद्द. म्हणजे कागदोपत्री पोरगी निर्दोष! आणि प्रकल्पातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. राजशेखराने हजारेक वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसे’त शब्दांचं हरण आणि अर्थाचं हरण यांचा वेगवेगळा विचार केला होता. आपल्या यंत्राला त्यातलं पहिलंच काय ते कळतं.

रागवायला तोंड उघडलं आणि मला चौथीतला निबंध आठवला. ‘माझी आई’ बाईंनी फळ्यावर लिहून दिला होता. वर्गातल्या झाडून साऱ्या आया पहाटे पाचला उठून अंगणात सडा घालत होत्या. माझी आई नर्स. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी यायची आणि चहा घेऊन झोपायची. मी मात्र तिलाही पहाटे उठवून सडा घालायला लावला आणि दहापैकी आठ मिळवले. पुढे दहावीला गाईड, अकरावीला स्टेशनरीच्या दुकानातला तयार पर्यावरण प्रकल्प, कॉलेजात मागच्या वर्षीची जर्नलं. पंधरा वर्षं मुलांकडून उतरवून घ्यायचं आणि एकदम एके दिवशी ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ या ओळीखाली सही मागायची, हा आपलाच कारभार.

मी तिला म्हटलं, “असूड वाचलायस ना? मग पुस्तक मीट आणि सांग.” आधी अडखळली. मग म्हणाली, “सर, जंगलखात्यानं चराऊ रानं घेतल्यावर जनावरांचे कसे हाल झाले, ते त्यांनी लिहिलंय. आमच्या गावात गायरानावरून अजून भांडणं चालू आहेत. आजोबा सांगतात...” आणि पुढची दहा मिनिटं बोलतच राहिली.

“अगं, मग हे लिही की! फुल्यांचं वाक्य जसंच्या तसं घेतलंस तर अवतरणचिन्हांत, शेजारी पानाचा आकडा. त्यांचं म्हणणं तुझ्या शब्दांत मांडलंस तरी नाव त्यांचंच. आजोबांचं आजोबांच्या नावावर. उरलं ते तुझं.”

“पण सर, सगळीकडे दुसऱ्यांचीच नावं दिली, तर मी काय केलं असं नाही वाटणार?”

ही भीती बहुतेक मुलांना असते. ज्ञानेश्वरांनी व्यासांचं आणि भाष्यकारांचं ऋण उघड सांगून टाकलंय. त्यावरून ज्ञानेश्वरी कुणाची, असा प्रश्न कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही.

तिने प्रकल्प नव्याने लिहिला. भाषा ओबडधोबड, एक प्रकरण तर पार विस्कटलेलं, पण गायरानाची पानं मी दोनदा वाचली. नवा अहवाल आला : साम्य १७ टक्के. फुल्यांची वाक्यं आता फुल्यांचीच होती आणि यंत्राने ती इमानदारीने मोजली होती. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरायची नाहीत असं नियमच सांगतो. पण यंत्राला तसं सांगायला कुणीतरी एक खूण करायची असते, ती राहिली होती. प्रकल्प कार्यालयातून परत आला, वर शेरा : ‘टक्केवारी कमी करून आणावी.’

तो कागद घेऊन ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. हसू दाबत म्हणाली, “सर, परत कृषकाचा चाबूक करू का?”