सूर्य सर्वांचा, सवलत कोणाची?

सौरऊर्जेला उत्तेजन द्यावयाचे तर सरकारपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: करात सूट किंवा रोख अनुदान. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने दोहोंत फारसा भेद नाही. परंतु भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेस, चुलबंद व वैनगंगेच्या काठी असलेल्या लाखांदूर तालुक्याच्या नजरेने पाहिले, म्हणजे हा भेद किती मोठा आहे हे ध्यानी येते.

हा तालुका धानाचा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि शेतमजुराची मिळकत करपात्र मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाही. ज्याला कर भरावयाचाच नाही, त्याला करसवलतीचे काय कौतुक? याउलट, राईस मिलच्या मालकाने दहा लाखांचा सौर संच बसविला आणि तो त्या वर्षी निदान 180 दिवस वापरात असला, तर पहिल्याच वर्षी 40 टक्के घसारा त्याला नफ्यातून वजा करता येतो. मालक 30 टक्के कराच्या टप्प्यात असल्यास त्या वर्षीचा कर सुमारे 1 लाख 20 हजार रुपयांनी उतरतो. हा कर कायमचा माफ होत नाही, बराचसा पुढे ढकलला जातो, हे मान्य. पण भांडवल हाती राहणे हाही लाभच होय. 2017 पूर्वी तर घसाऱ्याचा हा दर 80 टक्के होता. त्याच गावातील शिक्षकाच्या पगारातून आयकर बिनचूक कापला जातो. मात्र त्याने स्वतःच्या घरावर असाच संच बसविला, तर आयकरात त्याला एका पैशाचीही वजावट नाही.

अमेरिकेने घरगुती संचाच्या खर्चापैकी 30 टक्के रक्कम आयकरातून वळती करून देण्याची पद्धत अवलंबिली होती. 2025 च्या अखेरीस ती बंद झाली. तेथेही ज्याचा कर मुळात शून्य, त्याच्या पदरात काहीच पडत नसे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये एक कोटी घरांसाठी 'पंतप्रधान सूर्यघर' योजना आखताना अनुदानाची वाट धरली, ती योग्यच होती. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्यास 18 हजार, म्हणजे अधिकात अधिक 78 हजार रुपये थेट बँकेत जमा होतात. मात्र या मोजपट्टीतही एक खोच आहे. वीज जितकी जास्त जाळावी, तितका संच मोठा आणि अनुदानही मोठे! राज्य सरकारने 2025 मध्ये दरमहा शंभर युनिटांच्या आतील ग्राहकांना वेगळी मदत देऊ केली, तेव्हा कोठे ही विषमता थोडी सौम्य झाली. दारिद्र्यरेषेखालील घराला 50 हजारांच्या एक किलोवॅट संचासाठी केंद्राचे 30 हजार व राज्याचे 17 हजार 500 मिळून पदरचे केवळ अडीच हजार घालावे लागतात.

करांतील खरी सर्वस्पर्शी सवलत कोणती, तर 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला ती. 2021 पूर्वी तो पाचच टक्के होता. म्हणजे चार वर्षांपूर्वी वाढविलेलेच कमी केले! तरीही ही सूट घेण्यास ना विवरणपत्र लागते, ना हिशेबनीस. पुरवठादाराने ती किमतीत उतरविली, तर धान पिकविणाऱ्यालाही ती मिलमालकाइतक्याच दराने मिळते.

उरतो प्रश्न छपराचा. सूर्यघर योजनेला स्वतःचे घर हवे. बदलीच्या नोकरीमुळे लाखांदुरात भाड्याने राहणारा शिक्षक वा तहसील कचेरीतील कारकून विजेचे बिल भरतो, आयकर भरतो. पण छप्पर घरमालकाचे. घसारा त्याच्यासाठी नाही आणि 78 हजारांचे अनुदानही नाही. घरमालकाने संच बसवावा, तर बिल भाडेकरूचे कमी होणार. मग त्याने पदरचे पैसे का घालावेत, याचे उत्तर सध्याच्या सवलतींत सापडत नाही.