मोठ्यानं वाचा

मिरजेत आमची लग्नपत्रिका छापायची लहानशी प्रेस होती. बाबा स्क्रीन प्रिंटिंग करायचे. दहावीच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर श्रीलिपीत नावं टाइप करायला बसलो. प्रूफ निघालं की बाबा ते मुलीच्या वडिलांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोठ्यानं वाचा." ते गृहस्थ नावांखाली बोट ठेवून एकेक काका-मामा उच्चारत जायचे. बोट थांबलं की तिथं काहीतरी चुकलेलं असायचंच. कधी वेलांटी, तर कधी शाई भरल्यामुळं शिरोरेघेला चिकटलेला अनुस्वार.

आता मी मोबाइल ॲपच्या स्क्रीन आखतो. (स्क्रीन हा शब्द तेवढा दोन्हीकडे राहिला.) डिझाइनची पदवी माझ्याकडे नाही. कोरलड्रॉ प्रेसमध्ये शिकलो, फिग्मा यूट्यूबवर. पण माझं खरं शिक्षण त्या प्रूफांनी केलं.

सकाळी तासभर बोरूनं एकच अक्षर गिरवतो. गेला आठवडा 'ळ'चा होता. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' फॉन्ट घडवला, तो बोरू जाणणाऱ्या हातानं, हे कळल्यापासूनची ही सवय. नऊपासून काम. संध्याकाळी चारला एक साधा, स्वस्तातला फोन खिशात टाकून स्टँडकडे जातो. रिक्षावाले, चहाच्या गाड्यावरच्या मावशी, गावाकडं निघालेलं कोणीही. फोन हातात देतो आणि बाबांचं वाक्य म्हणतो.

एकदा मावशींच्या हातात मीच आखलेला एक अर्ज होता. चौकट उघडली, 'अर्ज रद्द करायचा आहे का?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'रद्द करा'. मजकूर इंग्रजीवरून जसाच्या तसा उतरवलेला. मावशींचं बोट थांबलं. म्हणाल्या, "अर्ज राहू दे म्हणायचं तर कुठलं दाबू, बाळा?" मला उत्तर देता येईना. त्याच रात्री बटणं बदलली, 'अर्ज ठेवा' आणि 'अर्ज काढून टाका'. तेव्हापासून प्रत्येक स्क्रीन आधी मराठीत लिहितो, इंग्रजी मागून.

उलट क्रमानं केलं की अक्षरांचेही हाल होतात. ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठरते. आपल्याला वर रफार, मात्रा, अनुस्वार लागतात आणि खाली उकार, ऋकार. जागा अपुरी पडली की 'पुढे' या बटणाचा उकार कापला जातो आणि उरतं 'पढे'. 'ल' आणि 'श'चं दुखणं वेगळं. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची वळणं. २००९ च्या शासन निर्णयात वर्णमालेचं प्रमाण रूपही ठरवून दिलं होतं. तरी फोनवर बहुतेकदा हिंदी वळणं दिसतात. कितीतरी फॉन्टांत मराठी वळणं आत तयार असतात. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये नोंदवलं की ती उमटतात. एका ओळीचं काम. तेवढंही केलं जात नाही, याचा मला राग येतो.

रविवारी काम बंद. सतारमेकर गल्लीत जाऊन बसतो. भोपळा कोरणं, कोरीवकाम, सगळं पाहण्यासारखं असतं, पण मी जातो ते जवारी काढताना बघायला. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हात कानस. किती घासायचं ते कान सांगतो. नाद मोकळा सुटेपर्यंत तो उठत नाही. मी तंबोऱ्यावर जेमतेम सूर धरतो, पण त्या दुकानातून उठवत नाही.

तुम्हाला एक विनंती. आज घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनची भाषा मराठी करा आणि रोजचं एखादं ॲप त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा. बोट थांबेल तिथला स्क्रीनशॉट काढून ॲप बनवणाऱ्यांना पाठवा. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.