घर, पत्ता आणि शाळा

नोएडात घर घ्यावे की शेजारच्या इंदिरापुरममध्ये, यावर आम्ही अधिकारी तासन्‌तास खल करतो. तुलना होते ती खाजगी शाळांची. सरकारी शाळेचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. परिसरातील श्रीमंत-गरीब मुलांनी एकाच शाळेत शिकावे, ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली होती. उत्तर प्रदेशातील सरकारी कर्मचाऱ्यांची मुले सरकारी प्राथमिक शाळांतच शिकावीत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. तोही कागदावरच राहिला. जिथे आपले मूल शिकत नाही, त्या शाळेच्या गळक्या छपराची फाईल आपल्याला तातडीची वाटत नाही. म्हणून त्या आदेशाची अंमलबजावणी प्रथम आपणा अधिकाऱ्यांपासूनच झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.